पत्ता

विजापूर वेशीत उतरले तेव्हा
वेस कुठेच दिसली नाही.
रिक्षावाला म्हणाला, हीच की,
आणि हात सगळ्या चौकावरून फिरवला:
तव्यावरचे कबाब, अत्तराच्या बाटल्या, मोबाईलची कव्हरं,
मधोमध उभा, शिट्टी हरवलेला पोलीस.
नसलेल्या दरवाज्यातून
मी उगाच वाकून आत गेले.

पिशवीत जेकार्डचा एक पत्ता.
जाड, पिवळा, भोकाभोकांचा,
कडेला दोरा ओवल्याच्या खुणा.
नायना गेल्यावर पत्र्याच्या डब्यात सापडला,
आईच्या विडी-कार्डाखाली.
त्यावर पेन्सिलीनं १७,
आणि उर्दूत एक ओळ
जी आमच्या तेलुगू घरात कुणालाच लागेना.

घरापासून इथवर चालत वीस मिनिटं.
मला चाळीस वर्षं लागली.
लहानपणी कर्फ्यू म्हणजे 'तिकडं जायचं नाही'.
कर्फ्यू उठला,
वाक्य तसंच राहिलं.
नायना मात्र रोज जायचे तिकडंच,
आणि दिवेलागणीला परतायचे
बाह्यांत, केसांत, खिशात
पंचिंगच्या पुठ्ठ्याच्या टिकल्या घेऊन.
बाहुलीच्या लग्नात आम्ही त्याच अक्षता उधळल्या.

बेगम पेठ. गल्ली एवढी अरुंद
की समोरून सायकल आली
तर कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढावं लागतं,
आणि उंबऱ्यावर चढलं की पाणी विचारतात.
तीन घरी पाणी प्याले.
एका कमानीखाली विजेचे नऊ मीटर,
त्यांच्या आड कोरीव दगड,
अक्षरं अर्धी चुन्यात बुडालेली,
पुढं बांधलेली शेळी माझी ओढणी चघळतेय.
एका मागाच्या शेडमध्ये दहावीची शिकवणी,
भिंतीवर तेलाचे डाग अजून
कंबरेच्या उंचीपर्यंत.

तिसऱ्या उंबऱ्यावरची जुलेखाबी
कडक भाकऱ्यांची चळत रचत म्हणाली,
"नक्शेवाले? वो तो कबके गए.
दस्तगीरचाचा हैं एक, मस्जिद के पिच्छे.
उनकू दिसता नै. पन जाव."

मशिदीच्या मागच्या भिंतीला दगडी जाळी.
मी सवयीनं वाचू लागले:
भोक म्हणजे धागा वर, कोरं म्हणजे धागा खाली.
तिसऱ्या रांगेत हरवले.

जाळीखालच्या कट्ट्यावर दस्तगीर नदाफ.
पत्ता हातात दिला तशी
बोटं त्यावरून मुंगीसारखी गेली.
"अंबय्याकी बेटी?" म्हणाले. नाव मी सांगितलंच नव्हतं.
विचारलं, कुठली चादर ही? मोर? कमळ?
"एका पत्त्यात फूल नसतं गं," चक्क मराठीत,
"एका पत्त्यात एकच आडवा धागा.
दोनशे चाळीस ओव, मग कुठं पाकळी वळते."

मग बोट एका जागी थांबलं.
भोकावर चिकटवलेला कागदाचा इवला ठिपका.
"ये गलत छेद मेरा है. रमजान था,
चार बजे के बाद हात कापता था.
उसने खळ लावून बुजवला.
मालकाला बोलला नाही."

आणि ही ओळ, चाचा?
त्यांना वाचता येतं, दिसत नाही.
मला दिसतं.
शेवटी त्यांच्या तळहातावर
मी ती अक्षरं गिरवू लागले, डावीकडून.
"उल्टी नक्को," हात मागं ओढून म्हणाले, "सीदे हात से."
पुन्हा. सावकाश. नुक्त्यासकट.
वाटलं होतं, दुआ असेल,
नाहीतर नक्षीचं नाव,
नाहीतर असं काही
जे घरी जाऊन भावांना सांगता येईल.

चाचा खोकेपर्यंत हसले.
"दो चाय," म्हणाले, "उधार."

कोपऱ्यावरच्या पोराला हाक गेली.
बशीत ओतलेला चहा, वर माशी, आले घातलेला.
मी पर्स काढली. त्यांनीही बंडीत हात घातला.
पोरगा दोघांकडं बघत उभा.
कुणी कुणाचे द्यायचे होते,
ते पत्त्यावर नव्हतं.