शेवटची खाच

वडाळा नाक्यामागं आमचं गॅरेज.
गेटातून डावीकडे वळलं की पुलाचा रस्ता,
उजवीकडे वळलं की चौकी.
मध्ये कडुनिंब, पाण्याचा टँकर
आणि टेबलाशी मी, जॉब कार्ड लिहिणारी.

अकरा वर्षं लिहितेय.
गाडी आत येते, काच खाली होते
आणि मी विचारायच्या आधीच उत्तर येतं:
मिसेसनं ठोकली हो.
कॉलेज रोडला ठोकली, पार्किंगात घासली,
खांब काय चालत आला होता तिच्या वाटेत?
पोरं हसतात.
नईमचाचा हसत नाहीत.
ते हातोडीनं पत्र्याला हळूहळू
खरं बोलायला लावत असतात.

मीही हसायचे सुरुवातीला.
गिऱ्हाईक हसलं की आपण हसायचं,
हे पहिल्या पगारासोबतच कळतं.

मग एकदा गाडी आत घ्यायला कोणी नव्हतं.
मी बसले.
पाय क्लचपर्यंत पोचेनात.
आरशात नुसतं छत.
सीट मागे, पार शेवटच्या खाचेत,
आणि ठोकणाऱ्या मिसेस बाहेर उभ्या,
माझ्याहून चार बोटं बुटक्या,
मोबाइलमध्ये काहीतरी शोधत.

तेव्हापासून मी आधी सीट बघते.
जॉब कार्डावर तिचा रकाना नाही,
म्हणून वहीच्या मागच्या पानावर लिहिते:
पांढरी स्विफ्ट. मिसेसनं ठोकली. शेवटची खाच.
कधी सीट पुढे असते, तेही लिहिते.
ठोकतात बायकाही. मीसुद्धा ठोकलीय,
पेठ रोडला, आरटीओच्या दारात,
लायसन्स हातात पडलं त्याच दिवशी,
चहाच्या टपरीचा बाक.
वही माझ्याही बाजूनं खोटं बोलत नाही.

बच्छावांची गाडी सोमवारी आली, क्रेनवरून.
डावा दिवा फुटलेला, बॉनेट दुमडलेलं.
साहेब म्हणाले, धरणाकडून येत होतो रात्री,
मिसेस चालवत होती.
लेडीज ड्रायव्हिंग, समजून घ्या,
असं मलाच म्हणाले.
'अपघातसमयी चालक' या ओळीवर
त्यांनी सांगितलं, मी लिहिलं:
हर्षदा बच्छाव.

मग आत बसून पाहिलं. शेवटची खाच.
पायाशी वायनरीच्या बिलाची घडी.
आणि जाळीत अडकलेला नखाएवढा लाल तुकडा,
सायकलच्या मागच्या चाकावर असतो तसला.
नईमचाचांनी तो चिमट्यानं काढला,
माझ्या टेबलावर ठेवला
आणि बराच वेळ काहीच ठोकलं नाही.

बाराव्या दिवशी गाडी न्यायला त्या आल्या,
एकट्या, रिक्षानं.
फॉर्मची झेरॉक्स वाचली. दोनदा.
म्हणाल्या, त्या रात्री मी सटाण्याला होते,
बहीण बाळंत झाली.
मग माझ्याकडे पाहिलं,
जणू चूक माझ्या अक्षराची असावी.
होतीच. अक्षर माझंच होतं.

मी खण उघडला
आणि लाल तुकडा त्यांच्यासमोर ठेवला.
कुणाची सायकल, त्यांनी विचारलं नाही.
मला माहीतही नव्हतं.

गाडीत बसल्या. कट्, कट्, कट्, कट्,
चार खाचा पुढे. आरसा खाली ओढला.
तुकडा डॅशबोर्डवर, छोट्या गणपतीशेजारी.
पोरं धावली नेहमीसारखी, हात नाचवत:
येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या,
काटा मॅडम, काटा, अहो काटा!
टँकर आणि कडुनिंबाच्या मधून
त्यांनी एका दमात गाडी मागे काढली,
कुणाच्याही हाताकडे न बघता.

गेटाशी थांबल्या.
घर डावीकडे, पुलापलीकडे.
इंडिकेटर बराच वेळ लागला नाही.
मग लागला.
उजवा.

नईमचाचांनी हातोडी खाली ठेवली.
मी मागच्या पानासकट वही पर्समध्ये टाकली
आणि स्कूटीची किल्ली शोधू लागले.