पायातली तार

नैरोबीत, कारखान्यांच्या वस्तीत, टायरच्या गोदामावर
माझी खोली: एक लांबरुंद प्रिंटर, एक पंखा,
आणि सुती कागदाची गुंडाळी,
जिला मी हात धुतल्याशिवाय शिवत नाही.

सिरोंका फोटो काढतो. मी काळा ठरवते.
लोकांना वाटतं काळा एकच असतो.
ओल्या चिखलाचा, वाळल्या शेणाचा,
कानामागच्या सावलीचा,
डोळ्याखाली ओघळून सुकलेल्या पाण्याचा...
माझ्याकडे नऊ आहेत, आणि तरी एक कमी पडतो.

हिला रेंजर मामा कोव्हू म्हणतात. कोव्हू म्हणजे व्रण.
अंबोसेलीच्या आटलेल्या तळ्यात ती उभी,
मागे नुसतं आभाळ,
आणि धूळ अशी, की कुणी पीठ चाळतंय.
दीड मीटर उंच. पंधरा प्रती, मग फाइल बंद.
दर प्रतीमागे काही पैसे राखणदारांच्या पगाराला,
असं करारात आहे. मी ते दोनदा वाचलंय.

खरं सांगायचं तर हत्ती मला कधी सुंदर वाटला नाही.
किब्वेझीला आमचं शेत. मी सात वर्षांची.
बाबा पत्र्याचे डबे बडवत होते,
आणि अंधार चावत होता,
सावकाश, कणसामागून कणीस.
सकाळी शेतभर पाटाएवढी पावलं,
त्यांत पाणी साचलेलं.
त्या वर्षी शाळा भावाची झाली, माझी नाही.

परवा झुरिकहून मेल आला:
चित्र अप्रतिम.
फक्त मागच्या डाव्या पायातली तार काढता येईल का?
दिवाणखान्यात ती डोळ्यांना खुपेल.

खुपेल. शब्द बरोबर आहे.

मी पाय मोठा केला, चारशे टक्के.
तार कातडीत रुतलेली, मांस फुगून तिच्यावर आलेलं,
झाड कुंपण गिळतं तसं.
तीन पदरी पीळ. टोक आत वळवलेलं.
काढायला अकरा मिनिटं लागली.
डॉक्टर नको, भुलीची सुई नको.
छापून पाहिलं:
पाय देखणा होता, आणि कुणाचाच नव्हता.

तो कागद खणात पालथा घातला.
सिरोंकाला फोन लावला. तो बराच वेळ गप्प,
मागे गुरांच्या घंटा.
मग म्हणाला, मुम्बुआ, तारेसकट जाईल. नाहीतर जाणार नाही.

गेलं नाही.
त्या महिन्याचं भाडं मी दिराकडून उसनं घेतलं.

ती प्रत आता रेंजरांच्या चौकीत आहे,
चौकटीविना, चार खिळ्यांवर,
एका कोपऱ्यात पालीने घाण केलेली.
जनावरांची डॉक्टर आली, चेप्केमोई नावाची,
नाक कागदाला लागेल इतक्या जवळ उभी राहिली.
म्हणाली, गाठ आतल्या बाजूला आहे की!
दुर्बिणीतून हे कळलंच नव्हतं.
आणि कुठे कापायचं ते बोट टेकवून दाखवलं.
माझ्या नऊ काळ्यांवर आता तिच्या बोटाचा तेलकट ठसा.
असू दे.

हत्तीण अजून सापडलेली नाही.
टांझानियाच्या बाजूला उतरली असेल, म्हणतात.
गवत आलं की परतेल, म्हणतात.
सुई तयार आहे.

बाबांना मी चाचणीची एक पट्टी पाठवली,
नुसता पाय, वीतभर.
पूर्वी एकदा किंमत सांगितली तेव्हा हसले होते:
"एवढ्याला? आणि तिथे ती मका खात नाही?"
आज त्यांचा फोन आला. ऊन. शेळ्या. गुडघा.
मग मधेच थांबून:
"ती गाठ आमच्याकडची नाही.
आम्ही टोक बाहेर ठेवायचो."

मी विचारलं नव्हतं.