एकतिसावी जागा

जानेवारीत आमच्या गावाला कुणी येत नाही.
हॉटेलांच्या खुर्च्या एकमेकींच्या मांडीवर बसून असतात,
बोरा वारा नावांच्या दोरांना रात्रभर छळतो
आणि बेकरीवाली द्रागित्सा दुपारी तीनलाच झडप ओढते.

यंदा मात्र जगातले शेवटचे आठ संघ
आमच्याकडे पाठवून दिले होते.
पदकवाले तिकडे राजधानीत, मोठ्या दिव्यांखाली.
इकडे पंचविसाव्यापासून बत्तिसाव्यापर्यंत.
त्यातल्या पहिल्याला एक चषकही होता. मी पाहिला.
आमच्या घरच्या सूपच्या भांड्यापेक्षा लहान.

मी मैदान पुसते. बावीस वर्षं.
हँडबॉल म्हणजे काय ते मला विचारू नका,
राळ म्हणजे काय ते विचारा.
चेंडू हाताला धरून राहावा म्हणून
ते बोटांना राळ फासतात,
थोडी बुटाच्या टाचेवर साठवून ठेवतात,
मग ती सगळीकडे जाते:
खांबावर, बाकावर, दाराच्या मुठीवर,
दुसऱ्या देशाच्या सदऱ्यावर,
एकदा तर पंचाच्या शिट्टीवर.
पुढारी राळ उडवतात ती उडते आणि विरते.
ही विरत नाही.
संत्र्याच्या सालीचं तेल, बोथट सुरी आणि माझे गुडघे,
एवढं लागतं हिला.

शेवटच्या दिवशी, सकाळी अकराला,
गिनी विरुद्ध क्युबा. एकतिसाव्या जागेसाठी.
प्रेक्षक म्हणजे शाळेचे दोन वर्ग,
वृद्धाश्रमाची एक बस,
आणि गिनीचा एक स्वयंपाकी,
ट्रिएस्टहून रात्रभर प्रवास करून आलेला,
ढोल नव्हता म्हणून पातेलं घेऊन.

सव्वीस-पंचवीस.
भोंगा वाजला, घड्याळात शून्यं उभी राहिली,
आणि कुणीच जागचं हललं नाही.
कारण भोंग्याच्या आधी, पापणीभर आधी,
एक धक्का लागला होता,
आणि नियम असा की
वेळ संपली तरी राहिलेली फेक टाकायचीच.
(बावीस वर्षांत मला पटलेला हा एकच नियम.)

सहा माणसांची भिंत झाली, हात वर.
भिंतीमागे सेकुबा, गोलात, गुडघे वाकवून.
समोर योस्निएल.
त्याने टाचेवरची उरलेली राळ बोटांना लावली.
एक पाय जमिनीला खिळलेला हवा,
बाकीचा देह त्याने इतका बाजूला झुकवला,
जसा कुणी विहिरीत डोकावतो,
आपलं काही पडलंय का बघायला.

आडव्या खांबाचा आवाज
वृद्धाश्रमातल्या बहिऱ्या शिमेलाही ऐकू गेला.

मग गिनीचे सोळाही जण एकमेकांवर पडले.
पातेलं वाजत राहिलं.
शाळेतलं एक पोर हसलं, एकतिसावे म्हणून इतकं!
बाईंनी डोळे वटारायच्या आत
ते स्वतःच टाळ्या वाजवायला लागलं.

दोन वाजता पुढचा सामना. मी फडकं घेऊन निघाले.
खांबाच्या बुंध्याशी योस्निएल बसलेला,
पाय पसरून, नेमका घामाच्या थारोळ्यात.
उठ म्हणायचं तर मला त्याची भाषा येत नाही,
आणि आली असती तरी.
त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.
नुसते दोन्ही पाय उचलले,
घरात आई केर काढत आली की
मुलं उचलतात तसे,
आणि मी खालून पुसून घेईपर्यंत
तसेच अधांतरी धरून ठेवले.

नंतर शिडी लावून आडव्या खांबावरचा डाग काढला.
काढायचाच असतो तो.
वर चढल्यावर दिसलं,
चेंडूच्या शिवणी उमटल्या होत्या त्यात,
सुबक, टाका न् टाका.
तेल दोनदा लावावं लागलं.

संध्याकाळच्या बसमध्ये झार्कोने हात पुढे केला.
मी दोन युरो द्यायला मूठ उघडली, उलटी केली.
नाणं पडेना.
"नेवेन्का, द्यायचे नसतील तर तसं सांग," तो म्हणाला.
"देतेय रे," म्हटलं, आणि हात झटकला.