काखेतलं रफू

सोमवारी संग्रहालय बंद असतं.
हडसनकाठच्या या गावात
स्वातंत्र्ययुद्धातल्या सेनापतींचा कोट
माझ्या टेबलावर पालथा पडलाय,
सव्वादोनशे वर्षांत पहिल्यांदाच
कुणाला पाठ दाखवून.

एरवी पोरं काचेला नाकं लावून विचारतात,
गोळी कुठं लागली?
लागलीच नव्हती. भोक कसरीचं आहे.
हे मी फक्त अहवालात लिहिते.

आज अस्तर उसवलं, आणि डाव्या काखेत
सापडलं रफू.
निळ्या बनातीला तपकिरी धागा,
हाताशी होता तो.
टाके बारीक, घट्ट, एकच मधे चुकलेला :
दिवा विझत आला असेल,
किंवा मूल रडलं.

इचलकरंजीत आबा सुताची गाठ बघून सांगायचे,
ही शेवंताची, ही हुसेनची.
इथं कुणाला विचारू?
खर्चाच्या वहीत मेणबत्त्या आहेत, नाल, रम,
घोड्यांची नावंसुद्धा आहेत.

हॉलिसबाईंची चिठ्ठी : मूळचं नसेल ते सगळं काढून टाकणे.

चिमटा उचलला. ठेवला.
अस्तरावर घामाचा डाग अजून पिवळा आहे.
हात उंचावून ‘चला’ म्हणताना
नेमकी तिथंच फाटते शिवण.

रकाने भरते.
दुरुस्ती : जुनी. हात : माहीत नाही.
शिफारस :
इथं पेन बराच वेळ थांबतं.
मग अस्तर पुन्हा शिवायला घेते,
बोटभर उघडं सोडून.