साखरेचं पोतं

गेर्मान कार्पोविच शुबेन्किन
आमच्या गावाला हॉकीचं मैदान द्यायला आलेत.
मैदान म्हणजे बर्फ. उरलच्या या बाजूला
तो सात महिने फुकटच पडतो,
पण छप्पर त्यांचं, आणि छपरावर नाव.

भाषणात म्हणाले, मी पहाटे पाचला उठतो.
टाळ्या.
गार पाण्यानं अंघोळ करतो.
टाळ्या.
माझ्या शेजारी ग्लाफिरा बसली होती,
चाळीस वर्षं गोठ्यात साडेतीनला जाणारी.
गरम पाण्याची अंघोळ तिला सणासुदीलाच ठाऊक.
तिनं बोटांवर हिशेब केला नि कानात म्हणाली,
ताइसिया, माझा रोज दीड तास जास्त निघतोय गं,
तो कुठल्या खिडकीवर मिळतो?

शून्यातून सुरुवात केली, म्हणाले.
असेल. शून्य मी चांगलं ओळखते.
कारखान्याच्या हिशेबखात्यात मीच ते लिहायचे,
सात महिने, निळ्या शाईनं,
प्रत्येकाच्या नावापुढे, पगाराच्या रकान्यात.
आठव्या महिन्यात पगार म्हणून रबरी बूट आले.
सगळे डाव्या पायाचे.

त्याच हिवाळ्यात सरकारनं माणशी एक कागद वाटला.
देखणा कागद, कडेनं वेलबुट्टी.
म्हणे, देशाचा एवढा तुकडा आता तुमचा.
येर्मोलायनं, माझ्या नवऱ्यानं,
तो उजेडात धरून पाहिला.
तुकडा काही दिसला नाही,
पलीकडचा बल्ब दिसला.

मग गेर्मान आला. तेव्हा नुसताच गेर्मान.
व्हॅन उसनी, मामा सरकारी गोदामाचा मुख्य,
आणि गोदामात साखर.
एका कागदाला एक पोतं.
आम्हाला कुणी फसवलं नाही हो,
आम्ही रांग लावली, रांगेत ढकलाढकली केली!
लुकेर्यानं वर मिठाची पुडी उकळली,
तर आठवडाभर तिच्याशी कुणी बोललं नाही.

माझ्या पोत्याचा मी रानबेरींचा मुरंबा केला,
चौतीस बरण्या.
त्यानं त्याच्या कागदांचा कारखाना केला.
ज्याच्या त्याच्या हाताची चव.

आजच्या भाषणात मामा आला नाही.
व्हॅन आली नाही, साखरेचा दाणा आला नाही.
दूरदृष्टी नऊ वेळा आली.
मोजायची खोड, दुसरं काय.

नंतर चहा होता.
मी शेवटची बरणी घेऊन गेले होते,
तीस वर्षांची, वर साखरेचा खडक.
आधी अंगरक्षकानं चाखला.
तो उभाच आहे हे पाहून साहेबांनी चमचा बुडवला,
डोळे मिटले.
वा आजीबाई! काय काय घातलंय यात?

म्हटलं, दोन नंबरच्या भट्टीचा दरवाजा,
चिमणीच्या थोड्या विटा,
आणि स्टेशनकडे जाणाऱ्या रुळांतले
सव्वा मीटर.

हसले. मग सगळेच हसले.
हसणं ओसरल्यावर जवळ वाकून, हळू आवाजात,
अगदी तेव्हाच्या व्हॅनमधल्या आवाजात म्हणाले,
अशा किती बरण्या आहेत? सगळ्या घेतो.
बोला, काय देऊ?

आणि खोटं कशाला बोलू,
माझ्या मनात आकडा आलासुद्धा.
तेवढ्यात ग्लाफिरानं कोपर मारलं.
बूट माग, म्हणाली,
उजव्या पायाचे.