पाणसळ

चाव्या देण्याआधी तपासनीस आला, कोवळा पोरगा,
बुटांवर निळ्या पिशव्या चढवून.
त्याने पाणसळ ठेवली जमिनीवर, ओट्यावर, खिडकीच्या कठड्यावर,
आणि दर वेळी तो हिरवा बुडबुडा
दोन रेघांच्या मधोमध येऊन निजला.
"बघा," तो म्हणाला, "केसाचाही फरक नाही."
डाउवे बघत राहिला.
एकोणचाळीस वर्षं मालवाहू बोटीवर काढलेला माणूस,
असा निजलेला बुडबुडा
त्याने कधी पाहिलाच नव्हता.

घर पाहावं बांधून, म्हणतात.
आम्ही आधी नकाशावर पाहिलं, क्रमांक सतरा,
मग खांब ठोकताना पाहिलं, सोळा मीटर खोल एकेक खांब.
ठोक्यागणिक माझ्या कपातली कॉफी थरथरायची.
मग नोटरीसमोर सह्या.
बोट विकल्याचे पैसे त्याच दिवशी आले, त्याच दिवशी गेले,
मध्ये माझ्या हाताला लागलेसुद्धा नाहीत.

दुरुस्तीच्या यादीत अकरा गोष्टी निघाल्या.
न्हाणीघराचं दार खाली घासतं.
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर रंगाचा ओघळ.
माळ्यावरच्या एका सॉकेटला वीजच नाही.
डाउवेने बारावी सांगितली, "रात्री आवाज येत नाही."
पोराने पेन उचललं. "कसला आवाज?"
"कसलाच."
ते त्याने लिहून घेतलं नाही.

बाग म्हणजे तेव्हा नुसता राडा होता.
बिल्डरची वाळू, विटांचे खापे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या,
एक हातमोजा, डाव्या हाताचा.
मी माती तपासायला पाठवायच्या विचारात,
तर शेजारच्या नेर्मिनने कोनियाहून आलेला घेवडा टोचूनही टाकला.
कुंपणावरून म्हणाली,
"जमिनीला विचारून पेरत नाहीत, बाई. पेरून विचारतात."

सफरचंदाच्या रोपासाठी खड्डा खणताना
हातभर खाली शिंपले लागले.
पांढरे, जोडीजोडीने मिटलेले,
कुणी आवरून ठेवल्यासारखे.
मी डाउवेला हाक मारली.
"इथे समुद्र होता," तो म्हणाला,
जणू मला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याचा आजा याच पाण्यावर जाळी टाकायचा.
मग बांध पडला. समुद्राचं तळं झालं,
तळ्याचं शेत, शेताचा क्रमांक सतरा.
म्हातारा मरेपर्यंत या मातीवर उतरला नाही.
म्हणायचा, "माझ्या जाळ्यावर पाय देऊन चालू?"
डाउवेने एक शिंपला पँटला पुसला, खिशात टाकला.
बाकीचे मी रोपाच्या बुंध्याशी परत पुरले.

कागदपत्रांत बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, माती बसेल.
घर बसत नाही, ते खांबांवर उभं आहे.
पहिल्या मार्चमध्ये अंगणाच्या फरश्या दोन बोटं खाली गेल्या,
दुसऱ्या मार्चमध्ये चार,
पाचव्या वर्षी उंबरठ्याखाली चांगली वीतभर पोकळी.
समोरच्या फान डाइकांनी वकील गाठला.
नेर्मिनने दोन दगड ठेवून पायरी केली आणि विषय मिटवला.
डाउवे काहीच करीना.
फक्त भिंतीवर पेन्सिलीने खुणा, शेजारी तारीख,
बोटीच्या कुशीवर पाण्याच्या मारायचे तशा.

मग एका रविवारी गॅरेजमधून त्याने काहीतरी ओढत आणलं.
बोटीची फळी. धक्क्यावर उतरायची.
विकणाऱ्या यादीत ती होती, हे मला पक्कं आठवतं.
वीतभर उतारासाठी तीन मीटरची फळी!
एक टोक उंबरठ्यावर, एक सफरचंदाखाली.
पोस्टमन हसतो. हसू दे.

रोज सकाळी तो तिच्यावरून बागेत जातो.
मधोमध फळी जराशी लवते,
तिथे तो थांबतो, गुडघे सैल सोडून.
मी ओट्याशी उभी राहून बघते.
माझ्या कपात कॉफी
अगदी स्थिर.