एकशे वीस

आमच्या फ्योर्डच्या टोकाला धक्का एक,
जागा पाच, होड्या पाच,
आणि दर जानेवारीत लोकरीच्या टोपीत
पाच चिठ्ठ्या.
त्या दिवसांत सूर्य उगवत नाही,
नशीब कंदिलापाशी धरून वाचावं लागतं.

बाबा आणि हाल्वार काका
अकरा वर्षं बोलत नाहीत.
जाळं फाटलं होतं म्हणे. कुणाचं, ते विचारायचं नाही.

कॉड चिरता चिरता आई म्हणाली,
"सुनिवा, शाळेत शिकतेस ना?
दोघं शेजारी यायचा संभव किती, काढ."

पहिल्या चिठ्ठीला पाच वाटा,
दुसरीला चार, मग तीन, मग दोन,
शेवटच्याला निवड कसली,
टोपीचा तळ खरवडून येईल ते.
गुणत गेले: एकशे वीस.
एकशे वीस हिवाळे, सारख्याच वजनाचे,
एकाचाही वशिला नाही.

आता त्यांतले शेजारचे.
एकेक लिहीत बसले असते तर तेल संपलं असतं.
इंगेबोर्ग बाई म्हणाल्या होत्या,
जे जवळ हवेत, त्यांना दोरीने बांध,
एकच गाठोडं समज.
मी पेन्सिलीने बांधलं.
पाचाचे झाले चार. चोवीस तऱ्हा.
गाठोड्यात डावीकडे बाबा, नाहीतर काका,
म्हणून दुप्पट.
अठ्ठेचाळीस.
अकरा वर्षांत त्यांना इतकं जवळ
कुणी आणलं नव्हतं,
मीही आणलं ते मोजण्यापुरतं.

"पाचात दोन," मी सांगितलं.
आईने सुरी धुतली, पुसली.
"हे जास्त म्हणायचं की कमी?"

बाबांना दोन नंबर निघाला. काकांना चार.
मध्ये राग्ना, तिची एकटीची जुनी होडी.
म्हणजे उरलेल्या बहात्तरांतलं एक.
काकांनी खिशातले हात काढले नाहीत.
राग्नाने चिठ्ठी वाचली, उलटी करून पाहिली,
आणि बाबांच्या मुठीत कोंबली.
"माझे गुडघे गेलेत. दोनची शिडी धड आहे.
दे तुझी इकडे."

दोन्ही शिड्या सारख्याच गंजलेल्या.

मी वही उघडली, मिटली.
टोपीतून निघणारं सगळं मोजलं होतं,
हातातून हातात जाणारं
मोजायचं राहिलं.

फेब्रुवारीच्या वादळात
आमच्या होडीचा मागचा दोर तुटला.
सकाळी जाऊन पाहिलं तर होडी जागेवर,
नवा दोर, आणि गाठ
आमच्या घरात कुणी मारत नाही तशी.

बाबा बराच वेळ गाठीकडे बघत होते.
मग म्हणाले, "किती म्हणालीस तेव्हा? अठ्ठेचाळीस?
पुन्हा एकदा मोज बघू."